दोन कडव्यांच्या मधलं

उंब्रज,
१२ जून १९७४

श्रीमती भामाबाई काळेल यांस,

नमस्कार. तुमची माझी ओळख नाही. म्हसवडमध्ये भामाबाई काळेल किती आहेत तेही मला ठाऊक नाही. पण पोस्टमन शहाणा असेल तर हे पत्र रेडिओला कार्डं पाठवणाऱ्या भामाबाईंकडेच जाईल. दुसऱ्या भामाबाईंनी फोडलं असेल तर त्यांनी खुशाल चुलीत घालावं.

मी नाथाजी थोरात. पलटणीत हवालदार होतो, पेन्शनवर आलो त्याला चार वर्षं झाली. घरचा ऊस पोरं बघतात आणि मी रेडिओ बघतो, असं आमची मंडळी म्हणते. सांगली केंद्रावर फर्माईशीची गाणी लागतात तेव्हा मी जागचा हलत नाही. त्यात तुमचं नाव पुष्कळदा येतं. आधी लक्ष गेलं नाही. मग ध्यानात आलं की म्हसवडच्या भामाबाईंचं गाणं म्हटलं की त्यात क्लॅरोनेट असायचंच. अभंग असो, लावणी असो, नाटकातलं पद असो. एकदोनदा झालं तर योगायोग म्हणावा. पण परवाचं तुमचं गाणं सहसा कोणी मागत नाही. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या कडव्याच्या मध्ये क्लॅरोनेट जे वाजलंय, तेवढ्यासाठीच ते मागायचं. मीही तेवढ्यासाठीच मागतो.

मी पलटणीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवत होतो, म्हणून विचारतो. तुमच्या घरी कोणी वाजवणारं आहे का? की तुम्हालाच कान आहे? गावात याविषयी बोलावं असं कोणी नाही. उत्तर दिलंत तर बरं वाटेल, नाही दिलंत तर राग नाही.

आपला,
नाथाजी थोरात


म्हसवड,
२९ जुलै १९७४

श्री. नाथाजी थोरात यांस,

तुमचं पत्र वेळेवर मिळालं. उत्तर द्यावं की नाही तेच ठरत नव्हतं, म्हणून उशीर झाला. पाकीट आधी माझ्या थोरल्या दिरांच्या हातात पडलं. आकाराम काळेल, घरचे कर्ते तेच. त्यांनी फोडून वाचलं, माझ्या जावेला वाचून दाखवलं आणि मग मला दिलं. "ह्यो कोण बाजावाला?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तेव्हा पुन्हा लिहायचं झालं तर कार्डावर लिहा. कार्ड सगळ्यांना वाचता येतं, म्हणून त्याच्यावर कोणी डोळा ठेवत नाही.

आमच्यात कोणी क्लॅरोनेट वाजवत नाही. आमच्यात ढोल वाजतो, तोही सिद्धनाथाच्या जत्रेत. मी शिवणकाम करते आणि मशीनशेजारी रेडिओ असतो. खरं सांगायचं तर त्या वाद्याचं नाव मला तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्याला 'घोगरा' म्हणत आले. सनई मला ठाऊक आहे, पण ती अंगावर येते. हा हळू बोलतो. गाणारी बाई दम घ्यायला थांबली की तेवढ्यात आपलं म्हणणं सांगून घेतो. मी त्याच्यासाठीच गाणी मागते हे कोणाला कळेल असं कधी वाटलं नव्हतं. कळलं म्हणून आधी भीती वाटली. मग बरं वाटलं.

'श्रीमती' तुम्ही अंदाजानं लिहिलंत की काय कोण जाणे, पण बरोबर आहे. मालक जाऊन वीस वर्षं झाली.

भामाबाई काळेल


उंब्रज,
६ ऑगस्ट १९७४

भामाबाई यांस,

नमस्कार. घोगरा! पलटणीत बँडमास्तरानं पंधरा वर्षं क्लॅरोनेट शिकवलं, पण इतकं नेमकं नाव त्यालाही सुचलं नाही. आजपासून मीही घोगराच म्हणणार.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. आता मी वाजवत नाही. वाद्य सरकारी, ते तिथंच जमा केलं. आणि माझे पुढचे दोन दात पडले. घोगरा ओठांत आणि दातांत धरायचा असतो, दात गेले की तो तुमचं ऐकत नाही. पेन्शनवर येताना वाटलं होतं, गावात दोस्त भेटतील. आहेत. ज्यांच्याबरोबर विहिरीत उड्या मारल्या ते सगळे आहेत. पण त्यांचं बोलणं कारखान्याचं आणि सोसायटीच्या निवडणुकीचं. मी घोगऱ्याचं काढलं की म्हणतात, "नाथा, गड्या, मग वरातीत वाजव की." पन्नाशीला नवीन दोस्त कुठून आणायचा? लहानपणी नुसतं शेजारी राहिलं तरी दोस्ती होते. आता तसं होत नाही.

तुमचं कार्ड आमच्या मंडळींनीही वाचलं. लीलाबाई तिचं नाव. ती म्हणाली, "बाईला लय कान हाय. तुमच्यापरास." म्हणजे घरातलं माझं वजन तुम्ही एका कार्डात उतरवलंत.

तुम्ही मागता त्या नाटकातल्या पदात घोगरा दोनदा वाजतो. माझ्या मते दुसरं वाजवणं पहिल्याहून सरस. तुम्हाला काय वाटतं?

नाथाजी थोरात


म्हसवड,
११ ऑक्टोबर १९७४

नाथाजी यांस,

ते पद परवा लागलं, म्हणून आज लिहिते. तुमचं म्हणणं मला पटत नाही. दुसऱ्या वेळी तो आपण किती हुशार आहोत ते दाखवतो. पहिल्या वेळी तो नुसता त्या बाईच्या मागे उभा असतो. मला पहिलंच आवडतं. तुम्ही वाजवणारे, तुम्हाला हुशारी आवडणारच.

गाण्यात ती बाई काय म्हणते ते मात्र मला विचारू नका. शब्द चालू असतात तेव्हा माझं मशीन चालू असतं. मधलं आलं की पाय आपोआप थांबतो. जाऊ म्हणते, "मशीनला बी ताल हाय जणू." ती कधीतरी गमतीनं म्हणते आणि कधीतरी तसं नाही.

रेडिओला कार्डं पाठवायला लागले त्याचं आणखी एक कारण सांगते, हसू नका. घरात मला 'अगं' म्हणतात, पोरं 'काकी' म्हणतात, गिऱ्हाईक 'मशीनवाली' म्हणतं. माझं पुरं नाव कोणी घेत नाही. रेडिओवर ती बाई 'म्हसवडहून भामाबाई हणमंत काळेल' असं सावकाश म्हणते. तेव्हा वाटतं, असेल बाई अशी कोणी.

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

भामाबाई


उंब्रज,
१९ डिसेंबर १९७४

भामाबाई यांस,

हरलो. पद लागेपर्यंत वाट पाहिली, काल पुन्हा ऐकलं आणि हरलो. दुसऱ्या वेळी तो पोरगा शेखी मिरवतोय. इतकी वर्षं मला ते कळलं नाही, कारण बँडात मीही तेच करत होतो.

आता मुद्द्याचं. जानेवारीअखेर सांगलीला रेडिओ ऐकणाऱ्यांचा एक मेळावा भरतोय. गाणंबजावणं आहे आणि त्यात घोगरा वाजवणारे एक बुवा येणार आहेत. मी आणि लीला जाणार आहोत. तुम्ही या. एकट्या येऊ नका, जावेला घेऊन या म्हणजे घरचे नाही म्हणणार नाहीत. लीला तुमच्या दिरांना वेगळं कार्ड लिहितेय, बायकांनी बायकांना बोलावल्यासारखं. ही अक्कल तिचीच, माझी नव्हे.

नाथाजी


म्हसवड,
८ फेब्रुवारी १९७५

नाथाजी आणि लीलावहिनी यांस,

सुखरूप पोचलो. विट्याला गाडी बदलताना जाऊबाईंची, धोंडुबाईंची, पिशवी हरवता हरवता सापडली, म्हणून रस्ताभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण घरी आल्यापासून त्या मेळाव्याचं सगळ्यांना सांगतायत, आणि नाथाजींनी नाकातून घोगरा कसा वाजवून दाखवला त्याची नक्कलही करतायत.

तुम्ही एवढे ठेंगणे असाल असं वाटलं नव्हतं. पत्रात उंच वाटता. आणि घोगरा तर आणखीच लहान निघाला. काळं लाकूड आणि वर चकाकणारी बटणं, आणि त्यातून तो आवाज! त्या बुवांनी फुंकर घातली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, तो घरी येईपर्यंत गेला नाही. वहिनी शेजारी पेंगत होत्या आणि मधूनच जाग्या होऊन मला विचारत होत्या, "झालं का चांगलं?" मला त्या फार आवडल्या.

नदीच्या घाटावर आपण भडंग खात बसलो, त्या वेळची एक गोष्ट सांगते. तुम्ही मला सारखं विचारत होता, तुम्हाला काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं. मला आजवर असं कोणी विचारलेलं नाही. शिवणात विचारतात, बाही केवढी ठेवू. पण मला वाटतं काय, ते मलाच त्या दिवशी कळलं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला मैत्र मिळालं, हे मी कोणाला सांगू शकत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते.

भामाबाई


म्हसवड,
२० जून १९७५

नाथाजी यांस,

तुमची एप्रिल आणि मे महिन्यातली कार्डं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण डोळे दुखतात. बारीक लिहिवत नाही. रेडिओला कार्डं पाठवणंही मी बंद केलं आहे. आता माझं नाव आलं नाही तर काळजी करू नका. तुमच्या नावानं काही लागलं की माझ्यासाठीच लागलं असं समजून ऐकीन. तेवढं पुरे आहे.

तुम्हीही कार्डं जरा कमी लिहा. उत्तर दिलं नाही की मला रुखरुख लागते.

भामाबाई


उंब्रज,
२ जुलै १९७५

भामाबाई यांस,

डोळ्यांत गाईचं तूप घाला असं लीला सांगते. मी म्हणतो, कराडला डॉक्टरला दाखवा.

तुम्ही 'तेवढं पुरे' लिहिलंत, ते मला पुरलं नाही. एक बेत केलाय. काय ते सांगत नाही, पण रोज रेडिओ लावत जा. कधी लागेल ते माझ्या हातात नाही. जेव्हा लागेल तेव्हा मशीन थांबवा.

नाथाजी


उंब्रज,
९ ऑगस्ट १९७५

भामाबाई यांस,

गाणं लागून तीन आठवडे झाले, तुमचं अक्षर नाही. ऐकलंत ना? माझ्या नावाच्या शेजारी तुमचं पुरं नाव लिहून कार्ड धाडलं होतं. तुमचे डोळे दुखतात म्हणून तुमचं नाव रेडिओवरून पुसलं जावं हे मला बघवेना. त्या बाईनं किती छान म्हटलं, भामाबाई हणमंत काळेल. आणि गाणं ते आपलं सगळ्यात लाडकं, ज्यात दोन्ही कडव्यांच्या मध्ये तो नुसता मागे उभा असतो. लीलाचंही नाव घालणार होतो. पण ती म्हणाली, "मला कशापायी त्यात ओढताय, मला त्यातलं काय कळतंय?"

की तुम्हाला राग आला? शेवटचं वाजवणं वेळेअभावी पुरं झालं नाही, त्याचा राग असेल तर तो माझ्यावर काढू नका. एक ओळ लिहा. नुसतं 'ऐकलं' म्हणा.

नाथाजी


दिघंची,
१४ सप्टेंबर १९७५

नाथाजी यांस,

हे पत्र पाकिटातून पाठवते, कारण इथं ते मी स्वतः पेटीत टाकणार आहे. मी माझ्या भावाकडे आहे. जोतीराम माझा धाकटा भाऊ. म्हसवडहून येऊन मला महिना उलटून गेला.

होय, ऐकलं. त्या दिवशी आमचा बाजार होता. बाजारच्या दिवशी पंचायत आपला रेडिओ कर्ण्यावर लावते, ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. दीर पंचायतीच्या कट्ट्यावर बसले होते. आधी तुमचं नाव, मग माझं नाव, आणि मग ते गाणं, भरल्या बाजारात. दीर घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले. मग त्यांनी मला त्या गाण्याचे शब्द एकेक करून सांगितले. घरची माणसं निजली, दाराची कडी काढून ठेवली आहे, आता ये, असं ती बाई म्हणते. नाथाजी, तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. इतकी वर्षं ते गाणं माझ्या कानात आहे, आणि ती बाई काय म्हणते ते मला दिरांच्या तोंडून कळलं.

ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "तुझं तसं काय असंल तर सरळ सांग. आमच्यात पाट लागतो, बाईचं दुसरं लगीन हुतं. पर ह्ये असं कर्ण्यावर नगं." मी म्हटलं, तसं काही नाही. त्यावर त्यांनी विचारलं, "मग कसं हाय?" मी म्हणाले, त्यात क्लॅरोनेट आहे. जाऊ हसली. सांगलीला तुमच्याबरोबर भडंग खाल्लेली हीच जाऊ.

पुढं व्हायचं ते झालं. बायकांनी शिवायला टाकलेली कापडं तशीच परत नेली. मी पाण्याला निघाले की पोरं मागून त्या गाण्याची चाल शिट्टीवर वाजवायची. चाल बरोबर वाजवायची, मधलं मात्र एकालाही येत नव्हतं. असल्या वेळीही माझ्या मनात हे आलं, यावरून मी किती बिघडले ते समजा. मग एक दिवस दिरांनी माझी पेटी एसटीच्या टपावर चढवली. मशीन आणि रेडिओ तिकडंच राहिला.

मी तुम्हाला डोळ्यांचं लिहिलं होतं. डोळे चांगले होते. घरात कार्डांवरून कुरकुर सुरू झाली होती. ते तुम्हाला कळवायला लाज वाटली, म्हणून डोळे दुखवले. खरं लिहिलं असतं तर तुम्ही माझं नाव घातलं नसतं. तेव्हा सगळं तुमच्या माथी मारत नाही.

इथं मला कोणी बोलत नाही. भाकरी वेळेवर मिळते. पण भावजयीच्या चुलीपाशी माझ्या हाताला काम नाही, आणि गावाला मशीन नाही. मला माझं घर पाहिजे, नाथाजी. वीस वर्षं मी ते माझं म्हटलं. आता उत्तर लिहू नका. इथलंही घर गेलं तर पुढं गाव नाही.

भामा


उंब्रज,
३ ऑक्टोबर १९७५

भामाबाई यांस,

लिहू नका म्हणालात तरी लिहितोय. हे कार्ड लीलाच्या नावानं धाडतोय, अक्षर माझं. एका कार्डात मावणार नाही, म्हणून दुसरं जोडलंय. कोणीही वाचलं तरी चालेल असंच लिहिलंय.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही असं लिहिणार होतो. लीला म्हणते, खोटं लिहू नका, जेवलात. जेवलो. पण चव कशालाच नव्हती. ते शब्द मला ठाऊक नव्हते. पोराला विचारलं तर त्याला तोंडपाठ. लीलालाही पाठ. ती म्हणाली, "आवं, मला वाटलं तुमाला म्हाईत हाय. म्या कशाला बोलू?" आता ती माझ्याहून जास्त कष्टी आहे. आपलं नाव तिनं घालू दिलं असतं तर कोणी काही बोललं नसतं, हे तिच्या मनातून जात नाही.

पण ऐका. आम्ही दोघं म्हसवडला जाऊन आलो. तुमच्या दिरांना भेटलो. मी तोंड उघडायच्या आधीच लीला बोलली. ती म्हणाली, "माझ्या मालकांना पाठची भन न्हाई. भामाबाई त्यांची भन. भाऊबीजेला आमी येतो, चार माणसांत वोवाळू द्या." त्यावर दीर म्हणाले, "ह्ये आदीच सांगायचं हुतं. कार्डावर भन म्हणून लिवलं असतं तर कुनाची माय व्याली हुती बोलायची?" त्यांनी चहा पाजला. दसरा झाला की ते स्वतः दिघंचीला येऊन तुम्हाला घरी नेणार आहेत. मशीन जागेवर आहे, मी डोळ्यांनी पाहिलं.

मिटलं, भामाबाई. एवढं सोपं होतं आणि आपल्या डोक्यात आलं नाही. लीला तुमच्यासाठी पातळ बघतेय. रंग कोणता ते कळवा.

नाथाजी


दिघंची,
१२ ऑक्टोबर १९७५

नाथाजी यांस,

कार्डं मिळाली. जोतीरामनं ती मोठ्यानं वाचली आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे सैल झाले. भावजयीनं मला पहिल्यांदा विचारलं, "वन्सं, भात घालू का आनखी?" तुम्ही दोघांनी उन्हातान्हातून जाऊन माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याचे उपकार फिटणार नाहीत.

या. मी ओवाळीन. दिरांसमोर ओवाळीन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ओवाळीन. पातळ हिरवं नको, बाकी कोणतंही चालेल.

आता एक लिहिते, ते फक्त तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी. मला भाऊ आहेत. जोतीराम आहे, त्याच्याहून थोरला एक पुण्याला आहे. दोघे चांगले आहेत. थोरला दिवाळीला येतो, विचारतो, बरी आहेस का. मी म्हणते, बरी आहे. जोतीराम विचारतो, जेवलीस का. मी म्हणते, जेवले. भावाशी माणूस एवढंच बोलतं. तुझं दुसरं वाजवणं शेखीचं झालं, असं बहीण भावाला सांगत नाही. मला भावांची कमतरता नव्हती, नाथाजी. मला मैत्र नव्हतं, ते तुमच्या रूपानं मिळालं होतं. त्याला घरात ठेवायला जागा नाही, म्हणून आपण त्याला भावाचं नाव देतोय. नाव दिलं की तो भाऊच होईल. मी खोटं वागू शकत नाही. ओवाळलं की मी बहीण होणार, आणि बहिणीनं लिहावं तसंच लिहिणार. कार्डावर, सगळ्यांना वाचता येईल असं.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही माझं घर परत आणलंत. मला घर पाहिजे असं मीच लिहिलं होतं, आणि अजूनही पाहिजे. पण तुम्ही 'मिटलं' लिहिलंत ते वाचून मला रडू आलं, आणि भावजयीला वाटलं, आनंदानं रडते.

भामा


उंब्रज,
१८ ऑक्टोबर १९७५

भामाबाई यांस,

हे पाकीट दिघंचीलाच धाडतोय, तुम्ही तिथून निघायच्या आत पोचेल या आशेवर.

पत्र वाचून दाखवलं, लीला रडली. मी म्हटलं, मग नाही जात. मला असली बहीण नको. ती म्हणाली, "तुमचा दोस्त ऱ्हाईल, आनी बाई रस्त्यावर ऱ्हाईल. जायाचं." तिच्यापुढं माझं काही चाललं नाही, आणि चालू नये हेही मला कळतंय. तेव्हा आम्ही येतो. सकाळच्या गाडीनं.

तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. पलटणीत माझ्यासोबतची माणसं गेली तेव्हाही मला एवढं वाईट वाटलं नव्हतं, कारण तेव्हा मी तरुण होतो आणि माणसं पुष्कळ होती. आता तुमच्यानंतर मला दुसरं कोणी भेटणार नाही. मी पुन्हा उंब्रजच्या पारावर बसून निवडणुकीचं ऐकेन.

एकच मागणं आहे. भाऊबीजेला अजून अवकाश आहे. तोवर मी तुमचा भाऊ नाही. त्या दिवसांत एक पत्र लिहा. लांबलचक. मनात असेल ते लिहा, माझ्या वाजवण्याला नावं ठेवा, काहीही चालेल. ते मी जपून ठेवीन.

तुमचा मित्र,
नाथाजी


म्हसवड,
२० नोव्हेंबर १९७५

ती. दादा व सौ. वहिनी यांस भामाचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत, तुम्हीही सगळे खुशाल असाल. दिवाळीला आपण येऊन गेलात, थोरले भावजी व धोंडुबाई फार समाधानी आहेत. पातळ सगळ्यांना पसंत पडलं. गावात आता सगळे विचारतात, उंब्रजचे भाऊ कधी येणार. शिवणकाम पुन्हा सुरू झालं आहे, लग्नसराई जवळ आली म्हणून हातात काम भरपूर आहे. शाळू बरा आला आहे. रेडिओ भावजींनी माजघरात ठेवला आहे, सकाळी त्यावर बातम्या आणि बाजारभाव लागतात. वहिनींच्या गुडघ्यांना तेल लावून शेकत जावं, थंडी फार आहे.

दिवाळीआधी दिघंचीला आपलं एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर सवडीनं लिहीन म्हणत होते, ते राहून गेलं. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

आपली बहीण,
भामा